नेमाचें वाचन : यहोशवापासून एस्तेरपर्यंत

पारायण हा शब्द महाराष्ट्रांतील घरांना नवा नाहीं. गुरुचरित्राचा सप्ताह असो कीं ज्ञानेश्वरीचें पारायण असो, आज अमक्या अध्यायापर्यंत आणि उद्यां तमक्या अध्यायापर्यंत असा नेम ठरलेला असतो. एखादा अध्याय मनास रुचला नाहीं म्हणून वाचणाराला तो गाळतां येत नाहीं. ख्रिस्ती समाजांतही अशाच प्रकारचा एक नेम फार दिवसांपासून चालत आलेला आहे. वर्षाच्या आरंभीं पवित्र शास्त्र उघडावयाचें आणि रोज ठराविक अध्याय वाचून वर्षाच्या अखेरीस तें पुरें करावयाचें, असा तो नेम होय. त्याची खरी कसोटी शास्त्राच्या ज्या भागांत लागते, तो भाग म्हणजे जुन्या करारांतील ऐतिहासिक ग्रंथ.

स्तोत्रें वाचण्यास कोणाला नेमाची गरज भासत नाहीं. दुःखाच्या प्रसंगीं माणूस आपण होऊन त्यांकडे वळतो. शुभवर्तमानांतील दृष्टांत लहान मुलेंही आवडीनें ऐकतात. परंतु राजामागून राजाच्या कारकीर्दीची हकीकत, वंशावळींच्या लांबच लांब याद्या, वांट्यास आलेल्या गांवांच्या सीमा आणि पराभवामागून पराभव, हें सगळें आपण होऊन कोण वाचील? नेम नसेल तर हा भाग मिटलेलाच राहावयाचा. तो मिटलेला राहिल्यानें नेमकें काय हरवतें, हें पाहण्यासाठीं प्रथम त्या ग्रंथांत काय आहे हें पाहिलें पाहिजे.

मराठी बायबलांत ह्या ग्रंथांचीं नांवें यहोशवा, शास्ते, रूथ, शमुवेलाचीं दोन पुस्तकें, राजांचीं दोन, इतिहासाचीं दोन, एज्रा, नहेम्या आणि एस्तेर अशीं आहेत. एकंदर पुस्तकें १२ आणि अध्याय २४९. रोमन कॅथलिक बायबलांत ह्यांखेरीज मक्काबी इत्यादि आणखीही कांहीं पुस्तकांची भर असते. मोशेच्या मृत्यूनंतर इस्राएलाचे बारा वंश यार्देन नदी ओलांडून कनान देशांत उतरले, येथून कथेला आरंभ होतो. पुढें राजा नसलेल्या काळांतील अंदाधुंदी येते; मग शौल, दावीद आणि शलमोन हे तीन राजे येतात. शलमोनामागें, ख्रिस्तपूर्व ९३० च्या सुमारास, राज्य दुभंगतें. उत्तरेकडील इस्राएलाची राजधानी शोमरोन ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी फौजांच्या हातीं पडते. दक्षिणेकडील यहूदाची राजधानी यरुशलेम ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर जाळून टाकतो. शेवटचा राजा सिद्कीया ह्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांचा वध होतो आणि मग त्याचे डोळे काढले जातात. त्यानंतर पारतंत्र्य, इराणी बादशहाची परवानगी, थोड्या लोकांचें परत येणें, ख्रिस्तपूर्व ५१५ च्या सुमारास पुरें झालेलें साधेंसुधें मंदिर, आणि नहेम्यानें ५२ दिवसांत उभारलेला तट, इतका हा विस्तार आहे.

ह्या इतिहासाचें वैशिष्ट्य असें कीं, तो विजयी राजाच्या दरबारांत लिहिला गेलेला नाहीं. जे हरले त्यांनीं तो जतन केला. शेजारच्या राष्ट्रांचे शिलालेख त्याच्या शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे हा फरक ध्यानांत येतो. अश्शूरचा राजा सन्हेरीब ह्यानें ख्रिस्तपूर्व ७०१ मध्यें यहूदावर स्वारी केली. हिज्कीया राजाला यरुशलेमांत पिंजऱ्यांतील पांखरासारखें कोंडलें, अशी बढाई त्यानें आपल्या लेखांत मारली आहे. शहर घेतल्याचें मात्र तो कोठेंही सांगत नाहीं. उलट, राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत आपल्या राजाची नामुष्की लपविलेली नाहीं. हिज्कीयानें क्षमा मागितली, मंदिराच्या दारांवरील सोनें खरवडून काढलें आणि खंडणी भरली, हें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. खंडणींतील सोन्याचा आंकडा, तीस किक्कार, दोन्ही पक्षांच्या लेखांत एकच आढळतो. तसाच मवाबी राजा मेशा ह्याचा शिलालेख १८६८ मध्यें यार्देनेच्या पूर्वेस दिबोन येथें उजेडांत आला. इस्राएलाचें जूं झुगारून दिल्याचा अभिमान त्यांत आहे. आणि मेशानें बंड केलें ही गोष्ट इस्राएलाचा इतिहासही मान्य करतो.

राजांचें मूल्यमापनही असेंच निःस्पृह आहे. अम्री हा आपल्या काळांतील बलाढ्य राजा. त्याचें घराणें नष्ट झाल्यानंतरही अश्शूरी लेखांत त्याचा देश त्याच्याच नांवानें ओळखला जात होता. परंतु राजांच्या पुस्तकांत त्याची वासलात थोडक्या ओळींत लागली आहे; त्यानें वाईट केलें, एवढाच निकाल. दावीद तर राष्ट्राचा लाडका राजा. तरी त्यानें उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि उरीयाला लढाईच्या तोंडीं देऊन मारविलें, ही कथा शमुवेलाच्या पुस्तकांत पूर्ण सांगितली आहे आणि नाथान संदेष्ट्यानें राजाला तोंडावर दोषी ठरविलें हेंही सांगितलें आहे. यहूदी परंपरेंत यहोशवापासून राजांपर्यंतच्या ग्रंथांना 'पूर्वीचे संदेष्टे' असें नांव आहे. तें अगदीं सार्थ आहे; कारण कानउघाडणी करणें हें संदेष्ट्याचें काम, आणि येथें तें काम इतिहासानें केलें आहे.

अशा इतिहासाला एक मोठें भय असतें, तें म्हणजे विसराचें. आणि चमत्कार असा कीं, ह्या भयाची गोष्ट ह्याच ग्रंथांत आली आहे. यहूदाचा राजा योशीया ह्याच्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षीं, म्हणजे ख्रिस्तपूर्व ६२२ च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू होती. त्या वेळीं मुख्य याजक हिल्कीया ह्याला मंदिरांत नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला. शाफान चिटणिसानें तो राजासमोर वाचला, तेव्हां राजानें आपलीं वस्त्रें फाडलीं. हा ग्रंथ अनुवाद ह्या पुस्तकाशीं संबंधित असावा, असा तर्क जर्मन पंडित द वेट्टे ह्यांनीं १८०५ मध्यें मांडला आणि पुष्कळ अभ्यासकांनीं तो स्वीकारला. ग्रंथ कोणताही असो, प्रसंगाचा अर्थ स्पष्ट आहे. तो ग्रंथ शत्रूनें पळवून नेलेला नव्हता. तो देवाच्याच घरांत होता. कोणी वाचीत नव्हतें, म्हणून तो हरवला होता.

ह्या हरवण्यावर उपायही त्याच परंपरेनें शोधला. दर सात वर्षांनीं, ऋणमुक्तीच्या वर्षीं, मंडपांच्या सणांत सर्व लोकांसमोर नियमशास्त्र वाचून दाखवावें. ऐकण्यास पुरुष, स्त्रिया, मुलें आणि गांवांत राहणारे परकेही असावेत, असा नियम अनुवादाच्या एकतिसाव्या अध्यायांत घालून दिला आहे. शास्त्रवाचनाच्या वेळापत्रकाचें हें फार जुनें रूप म्हणतां येईल. पुढें पारतंत्र्यांतून परत आलेल्या लोकांसमोर एज्रा शास्त्र्यानें केलेल्या वाचनाचें वर्णन नहेम्याच्या आठव्या अध्यायांत आहे. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं पाणवेशीपुढील चौकांत लोक जमले. लांकडी मंचावर उभें राहून एज्रानें पहांटेपासून दोन प्रहरपर्यंत वाचलें आणि साहाय्यकांनीं अर्थ समजावून दिला. लोक रडूं लागले, तेव्हां आज रडूं नका, घरीं जाऊन गोडधोड खा आणि ज्याच्या घरीं कांहीं नाहीं त्याला वांटा पाठवा, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्या महिन्यांतील सणाचे सातही दिवस वाचन चाललें. मंदिर जळालें होतें, राजा नव्हता, सैन्य नव्हतें. तरी वाचनाच्या आधारानें एक समाज पुन्हां उभा राहिला.

यहूदी सभास्थानांत ही पद्धति पुढें पक्की झाली. मोशेचीं पांच पुस्तकें पॅलेस्टाईनमध्यें सुमारें तीन वर्षांत आणि बाबेलमध्यें एका वर्षांत पुरीं करीत. आज सर्वत्र रूढ असलेला वार्षिक क्रम ५४ भागांचा आहे. ज्या दिवशीं शेवटचा भाग संपतो, त्याच दिवशीं पहिला पुन्हां सुरू करतात. ऐतिहासिक ग्रंथांच्या वांट्याला मात्र हा मान पूर्णपणें आला नाहीं. पूर्वीच्या संदेष्ट्यांतून निवडक उतारे वाचले जातात. रूथ सप्ताहांच्या सणांत आणि एस्तेर पुरीम सणांत वाचतात. एस्तेराच्या हिब्रू ग्रंथांत देवाचें नांव एकदांही येत नाहीं, तरी तो ग्रंथ सणाच्या आधारानें घरोघर जिवंत राहिला. राजांच्या पुस्तकांना असा सण मिळाला नाहीं. पराभवाचा सलग वृत्तांत सलगपणें वाचण्याचें काम पुढें दुसऱ्यांकडे आलें.

ख्रिस्ती मठांतून शास्त्राचे मोठमोठे भाग वर्षाच्या क्रमानें वाचण्याची चाल होती. बायबलाचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या प्रारंभीं पडले. त्यांचें श्रेय स्टीफन लँग्टन ह्या इंग्रज धर्मगुरूला देतात. अध्याय पडल्यावर रोजचा वांटा ठरविणें सोपें झालें. परंतु शतकानुशतकें सणांची, साधूंच्या चरित्रांची आणि विशेष प्रार्थनांची भर पडत गेली आणि मूळ वाचन मागें पडलें. ह्या दुर्दशेबद्दल स्पष्ट तक्रार कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर ह्यानें १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथाच्या प्रस्तावनेंत केली आहे. एखादें पुस्तक सुरू करावें आणि तीन-चार अध्याय होतात न होतात तोंच तें सोडून द्यावें, असा प्रकार चालला होता. आज काय वाचावें हें शोधून काढण्यास प्रत्यक्ष वाचण्यापेक्षां अधिक खटाटोप पडे. क्रॅन्मरनें नवें वेळापत्रक बनविलें. सकाळीं आणि सायंकाळीं चर्चमध्यें लोकांच्या भाषेंत वाचन व्हावें, जुना करार बहुतेक सगळा वर्षांत एकदां, नवा करार प्रकटीकरणाचें पुस्तक वगळून तीनदां आणि स्तोत्रें दरमहा पुरीं व्हावींत, असा त्याचा क्रम होता.

पण क्रॅन्मरही आवडनिवडींतून पूर्णपणें सुटला नाहीं. बोधाच्या दृष्टीनें कमी उपयोगी वाटलेले भाग त्यानें गाळले. आणि त्यांत इतिहासाचीं दोन्ही पुस्तकें गेलीं. राजांच्या पुस्तकांत जें येऊन गेलें तेंच पुन्हां कशाला, असें कोणालाही वाटणें स्वाभाविक आहे. इंग्लंडच्या चर्चमधील वाचनक्रमांत ह्या पुस्तकांतील उतारे येण्यास १८७१ ची सुधारणा उजाडावी लागली. नेम करणाराचीच आवड नेमांत शिरली, म्हणजे ग्रंथाचा कोणता भाग किती पिढ्यांच्या कानांआड जातो, ह्याचें हें बोलकें उदाहरण आहे.

कांहींही न गाळणारें आणि घरांत वाचण्यासाठीं केलेलें वेळापत्रक म्हणून जें सर्वांत अधिक पसरलें, तें स्कॉटलंडांतील रॉबर्ट मरे मॅकशेन ह्या तरुण धर्मोपदेशकाचें. त्याचा जन्म २१ मे १८१३ रोजीं एडिंबरो येथें झाला. १८३६ मध्यें डंडी ह्या गिरण्यांच्या शहरांतील सेंट पीटर्स चर्चवर त्याची नेमणूक झाली. प्रकृति नाजूक, तरी १८३९ मध्यें तो स्कॉटलंडच्या चर्चनें पाठविलेल्या मंडळींबरोबर पॅलेस्टाईनला जाऊन आला. यरुशलेमच्या टेंकड्या आणि यहूदाच्या वाटा त्यानें स्वतः पाहिल्या होत्या. १८४२ च्या अखेरीस त्यानें आपल्या मंडळीसाठीं पुढील वर्षाचें वाचनाचें पत्रक तयार केलें. रोज चार रकाने. दोन कुटुंबानें एकत्र वाचावयाचे आणि दोन ज्याचे त्यानें एकांतांत. वर्षाअखेर जुना करार एकदां, नवा करार आणि स्तोत्रें दोनदां होत.

ह्या पत्रकाला जोडलेल्या निवेदनांत मॅकशेननें प्रथम धोके सांगितले आणि मग लाभ. वाचन केवळ उपचार होऊन बसेल; आजचा वांटा पुरा केला ह्याचाच अहंकार होईल; पुष्कळ वाचावयाचें म्हणून वरवर वाचलें जाईल; आणि कित्येकांना हें जूं फार जड होईल, हे ते धोके. लाभ असे कीं, सगळें शास्त्र वाचून होईल आणि आवडतें तेवढेंच वाचण्याची खोड जाईल. काय वाचावें हें ठरविण्यांत वेळ जाणार नाहीं. आईबापांना मुलांशीं बोलण्यास रोज विषय मिळेल. आपला कळप शास्त्राच्या कोणत्या कुरणांत चरतो आहे हें मेंढपाळाला कळेल. आणि दूर असलेले स्नेही त्याच दिवशीं तेंच वाचीत आहेत, ह्या जाणिवेनें परस्परांशीं बांधलेले राहतील.

ह्या पत्रकांत ऐतिहासिक ग्रंथांची योजना विचारपूर्वक केलेली आहे. एका रकान्यांत १ जानेवारीला एज्राचा पहिला अध्याय येतो; त्यामागोमाग नहेम्या आणि एस्तेर. कुटुंबाच्या रकान्यांत उत्पत्तीपासून आरंभ होऊन यहोशवा उन्हाळ्यांत येतो, राजे शरदऋतूंत येतात आणि इतिहासाचीं दोन पुस्तकें वर्षाच्या शेवटाला येतात. राजांची कथा ताजी असतांनाच तीच कथा दुसऱ्या लेखकाच्या तोंडून ऐकावयास मिळते, आणि मग दोन इतिहासकारांतला फरक वाचणाराला आपोआप दिसूं लागतो. दावीद आणि उरीयाची पत्नी ह्यांचें प्रकरण इतिहासांत येतच नाहीं. मनश्शे हा राजांच्या पुस्तकांत यहूदाच्या नाशाला कारण झालेला राजा; इतिहासांत मात्र तोच कैदेंत पश्चात्ताप करतो आणि आपल्या गादीवर परत येतो. दाविदानें केलेल्या शिरगणतीची प्रेरणा शमुवेलाच्या पुस्तकांत परमेश्वराच्या क्रोधाकडे दिली आहे, इतिहासांत सैतानाकडे. एका ग्रंथानें राष्ट्र कां बुडालें हें सांगितलें. दुसऱ्यानें बुडालेल्या राष्ट्राला उभारी कशानें येईल हें सांगितलें. क्रॅन्मरनें गाळलेलीं पुस्तकें मॅकशेनच्या नेमांत अशा रीतीनें उपयोगी पडतात. आवडीनें वाचणारा दोहोंपैकीं एकच कथा निवडतो. नेमानें वाचणाराला दोन्ही ऐकाव्या लागतात.

परंतु ह्या पत्रकाचें पहिलें वर्ष पुरें करणें त्याच्या कर्त्याच्या नशिबीं नव्हतें. १८४३ च्या मार्च महिन्यांत डंडींत टायफस ज्वराची सांथ होती. रोग्यांच्या समाचाराला जातां जातां मॅकशेनला तो ज्वर जडला आणि २५ मार्च रोजीं, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. त्या वेळीं कुटुंबाच्या रकान्यांतील वाचन निर्गमाच्या अखेरच्या अध्यायांत, निवासमंडपाच्या उभारणीपाशीं आलें होतें. मोशे मरण पावला आणि आतां लोकांनीं नदी ओलांडावयाची आहे, ह्या वार्तेनें उघडणारें यहोशवाचें पुस्तक अजून तीन महिने पुढें होतें. ज्यानें मार्ग आंखून दिला, त्याच्यावांचूनच त्याच्या लोकांना त्या नदीपर्यंत जावयाचें होतें.

त्यांच्यापुढें आणखी एक प्रसंग वाढून ठेवला होता. १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें स्कॉटलंडचें चर्च दुभंगलें. धर्मोपदेशकांच्या नेमणुकींत जमीनदारांचा आणि सरकारी न्यायालयांचा हात असूं नये, ह्या वादांत ४७० हून अधिक धर्मोपदेशकांनीं आपलीं चर्चें, घरें आणि वेतनें सोडलीं व स्वतंत्र फ्री चर्च स्थापन केलें. त्या फुटीची लाट मुंबईपर्यंत पोंचली. ज्यांचें नांव पुढें विल्सन कॉलेजाला मिळालें, त्या डॉ. जॉन विल्सन ह्यांनींही फ्री चर्चची बाजू धरली आणि आपल्या शाळेची जुनी इमारत सोडून नव्यानें आरंभ केला. त्या वर्षीं ज्या घरांत मॅकशेनचा नेम पुढें चालला असेल, त्या घरांत शलमोनामागें दुभंगलेल्या राज्याची कथा शरदऋतूंत पुढें आली असेल. अशा वेळीं तो अध्याय कोणी हौसेनें निवडला नसता. नेमानें तो समोर आणला. आणि फूट पडल्यावरही दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवणारा इतिहास लिहितां येतो, हें त्या घरांना पाहावयास मिळालें.

मॅकशेनचें चरित्र आणि लेख त्याचा मित्र अँड्र्यू बोनार ह्यानें १८४४ मध्यें प्रसिद्ध केले. त्याचें पत्रक मात्र एका वर्षापुरतें आणि एका मंडळीपुरतें केलेलें असूनही आज जगाच्या निरनिराळ्या भाषांतील घरांत चालतें. ह्याचें कारण त्याच्या कर्त्याच्या अकालीं मृत्यूची कथा एवढेंच नाहीं. नेम हा साधन आहे, पुण्याईचा हिशेब नव्हे, हें त्यानें आरंभींच सांगून ठेवलें होतें. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे आरंभींचे नऊ अध्याय जवळजवळ सगळे नांवांच्या यादींचे आहेत. ते नुसते उरकणाराला कांहींच मिळत नाहीं. ज्यांचें घर, गांव आणि मंदिर जळालें, त्यांनीं आपल्या पूर्वजांचीं नांवें तरी हरवूं नयेत म्हणून ती यादी जपली, हें ज्याच्या ध्यानांत येतें, त्याला त्याच यादींतून एका समाजाचा धीर ऐकूं येतो.

पत्रकाच्या शेवटच्या दिवशीं, ३१ डिसेंबरला, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय येतो. त्यांत यरुशलेम जळतें, लोक बंदींत जातात, आणि अगदीं शेवटीं इराणचा बादशहा कोरेश, म्हणजेच सायरस, ह्याचा जाहीरनामा येतो. देवाच्या लोकांपैकीं जो कोणी असेल त्यानें निघावें, इतकें सांगून तो जाहीरनामा मध्येंच तुटतो आणि पुस्तक संपतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, १ जानेवारीला, एज्राचा पहिला अध्याय उघडला कीं तोच जाहीरनामा पुन्हां आरंभापासून भेटतो. आणि ह्या वेळीं कोठें जावयाचें व काय बांधावयाचें हेंही त्यांत पुरें सांगितलेलें असतें. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं अर्धें राहिलेलें वाक्य नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळीं पुरें होतें. वर्षभर एकही दिवस न गाळतां वाचीत आलेल्या घराला तें वाक्य जसें ऐकूं येतें, तसें मधलें पान उघडणाराला ऐकूं येत नाहीं.